सल्ला न देण्याचं शिक्षण

मानसिक आरोग्याच्या कामात नव्यानं आलेल्या कार्यकर्तीला सगळ्यात जड जातं ते सल्ला न देणं. समोरची बाई म्हणते, "आता माझ्याच्यानं काही होणार नाय," आणि कार्यकर्तीच्या तोंडून निघून जातं, "असं कसं म्हणता काकी? हिंमत धरा. मुलांकडं बघा." हेतू चांगलाच असतो. काकी मान डोलावतात, चहा पुढं करतात आणि पुढच्या खेपेला बोलायचं टाळतात. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे सीबीटी, या उपचारपद्धतीची प्राथमिक कौशल्यं शिकवणाऱ्या वर्गाचा बराचसा वेळ ओठावर आलेला सल्ला गिळायला शिकवण्यात जातो, आणि जायलाच हवा. बाकीचं शिकवता येतं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांनाही शिकवता येतं, याचा पुरावा तर आपल्या शेजारी गोव्यातच आहे.

हा विषय दिवाळे गावाच्या संदर्भात मांडायचं कारण असं की सीबीटीवरचा सगळ्यात रास्त आक्षेप अशाच गावात उभा राहतो. दिवाळे म्हणजे बेलापूरचा कोळीवाडा. एका अंगाला पनवेलची खाडी, दुसऱ्या अंगाला कोकण भवन, सिडको भवन आणि कचेऱ्यांचे काचेचे मनोरे. १९७० साली सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण पट्ट्यातल्या ९५ गावांवर नवं शहर आखलं गेलं, आणि 'प्रकल्पग्रस्त' व 'साडेबारा टक्के' (गेलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळणारा विकसित भूखंडाचा वाटा) हे सरकारी शब्द इथल्या स्वयंपाकघरात येऊन बसले. खाडीत मासळी पूर्वीइतकी मिळत नाही, हे इथलं कुणीही सांगेल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी होड्यांना समुद्रात जायची बंदी. आता अशा गावातला कुणी म्हणाला, "आमच्या धंद्याचं काही खरं नाय," तर तो विचार चुकीचा कसा ठरवायचा? तो बराचसा खराच आहे. 'विचार बदला, भावना बदलेल' असं सांगणारी विद्या या घरात कुठल्या तोंडानं शिरणार?

या प्रश्नाचं उत्तर आहे, पण त्याआधी मूळ पद्धत समजून घ्यावी लागते.

समजा, पन्नाशीतल्या एक कोळीणकाकी आहेत. (त्या मी रचलेल्या आहेत, प्रशिक्षणाच्या वर्गातही अशाच रचलेल्या माणसांवर सराव चालतो.) बाजारात बसणं त्यांनी तीन आठवड्यांपासून सोडलं आहे. रात्री झोप नाही, जेवणावर वासना नाही. 'डिप्रेशन' हा शब्द त्या वापरत नाहीत. त्या म्हणतात, "टेन्शन आहे, छातीत धडधडतंय, हातापायातला जीव गेल्यासारखा वाटतो." शिकलेली कार्यकर्ती तिथून मागं मागं जाते. शेवटचा बाजार कधी केला? त्या दिवशी काय झालं? हळूहळू कळतं की सोसायटीतली एक नेहमीची गिऱ्हाईक त्या दिवशी समोरून गेली आणि थांबली नाही. त्या क्षणी मनात काय आलं? "आता आपण कुणाला नको." मग वाटलं काय? लाज, उदासी. अंगाला काय जाणवलं? पाय जड झाले. मग केलं काय? टोपली लवकर आवरली, आणि दुसऱ्या दिवशी गेल्याच नाहीत.

घटना, विचार, भावना, शरीर, वर्तन अशा पाच चौकटी झाल्या. त्या कागदावर बाणांनी जोडल्या की एक फेरा दिसतो. बाजारात न जाण्यानं चार पैसे बुडतात, शेजारणींशी होणाऱ्या गप्पा बुडतात, घरात बसून तोच विचार दिवसभर घोळतो आणि 'आपण कुणाला नको' याला रोज नवा पुरावा मिळत जातो. काकींना हा फेरा स्वतःच्या शब्दांत दिसणं ही पहिल्या भेटीची मोठी कमाई. कार्यकर्तीनं तो काढून दाखवला आणि काकी नुसत्या 'हो हो' म्हणाल्या, तर ती कमाई नव्हे.

विचार आणि भावना यांचं हे नातं उपचाराच्या मध्यभागी आणलं ते दोघा अमेरिकनांनी. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. तीच पुढं आरईबीटी म्हणून ओळखली गेली. ॲरन बेक यांची गोष्ट अधिक गमतीची आहे. ते मनोविश्लेषणात तयार झालेले. नैराश्य म्हणजे आतल्या आत वळलेला राग, हा फ्रॉइडच्या परंपरेतला सिद्धांत संशोधनानं सिद्ध करावा म्हणून त्यांनी नैराश्यग्रस्तांची स्वप्नं तपासायला घेतली. स्वप्नांत राग सापडेना. सापडत होता तो पराभव, नुकसान, डावललं जाणं. जागेपणीच्या बोलण्यातही तेच. बेकनी सिद्धांत सोडला आणि १९६० च्या दशकात माणसाच्या मनात आपोआप उमटणाऱ्या विचारांकडं मोर्चा वळवला. हाती आलेल्या पुराव्यापुढं स्वतःचं मत बदलणारा माणूस या पद्धतीच्या मुळाशी आहे, हे मला फार समर्पक वाटतं, कारण रुग्णाकडूनही ती नेमकं हेच मागते.

मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांची पद्धत इथं आणली, रुजवली, शिकवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेमुळं आणि त्यांच्या लेखन-व्याख्यानांमुळं ती सुशिक्षित मराठी घरांत पोचली. ठाणे आणि बेलापूर यांच्यात लोकलचा एक प्रवास आहे. तरीही सभागृहात बसून व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गापासून मासळीबाजारापर्यंतचं अंतर त्या लोकलनं कापता येत नाही. तिथं दारात जाणारं माणूस लागतं.

आता तो आक्षेप. विचार खरा असेल तर काय करायचं?

काकींच्या मनात एकाच विचाराच्या पोटात दोन विचार आहेत. 'मासळी कमी झाली, काही गिऱ्हाईकं मोबाइलवरून मागवू लागली' हा एक. 'म्हणून मी कुणाला नको' हा दुसरा. पहिला खरा आहे आणि त्याच्याशी वाद घालणं हा उर्मटपणा ठरेल. तिथं वेगळं कौशल्य लागतं: अडचण नेमकी काय आहे, त्यातलं आपल्या हातात किती, वाटा कोणकोणत्या, त्यातली एक निवडून आठवडाभर करून बघायची. याला प्रश्न सोडवण्याचं तंत्र म्हणतात आणि प्राथमिक प्रशिक्षणात ते सीबीटीच्या जोडीनं शिकवलं जातं. कुठल्या योजनेचा अर्ज, बचतगटाचं कर्ज, मुलाशी पैशाविषयी एकदा सरळ बोलणं, हे सगळं त्यात बसतं. दुसरा विचार मात्र तपासता येतो. ती गिऱ्हाईक थांबली नाही याची आणखी कारणं काय असू शकतील? त्याच दिवशी कोण कोण थांबलं होतं? तुमच्या बहिणीनं हेच सांगितलं असतं तर तुम्ही तिला काय म्हणाला असता? उत्तरं काकींनी शोधायची. कार्यकर्तीला उत्तर आधीच ठाऊक असेल आणि ती प्रश्नांच्या आडून तिथंच रेटत नेत असेल, तर ती वकिली झाली. बेक यांचा आग्रह होता की दोघांनी मिळून तपासायचं, आणि तपासाअंती विचार खरा निघाला तर तेही मान्य करायचं.

मला वाटतं, नवख्यांच्या हातून सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. त्यांना 'नकारात्मक विचार' नावाचा शत्रू दाखवलेला असतो आणि त्या तो शोधून काढून हाणत सुटतात. ज्या माणसाची जमीन गेली, खाडी गेली, त्याला 'सकारात्मक राहा' म्हणणं म्हणजे त्याच्या नुकसानीचा दोष त्याच्याच डोक्यावर ठेवणं. सीबीटीच्या नावाखाली हे खपवलं जातं, समाजमाध्यमांवर तर रोज.

शिवाय नव्या माणसाला विचारांच्या तपासणीपासून सुरुवात करायला लावण्याची गरजच नाही. १९९६ साली नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीबीटीचे सुटे भाग करून पाहिले. नैराश्याच्या दीडशेच्या आसपास रुग्णांपैकी काहींना पूर्ण उपचार दिला, काहींना त्यातला थोडा, आणि काहींना फक्त कृतीचा भाग: दिवस कसा जातो ते पाहायचं, सुटलेली कामं आणि भेटीगाठी पायरीपायरीनं पुन्हा सुरू करायच्या. तिन्ही गटांची सुधारणा सारखीच निघाली. याचा अर्थ तज्ज्ञ अजून चर्चितात, पण ज्यांच्याकडं तज्ज्ञच नाहीत त्यांना त्यातून मोठी वाट मिळाली. कृतीचा भाग शिकायला सोपा, शिकवायला सोपा, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही पेलणारा.

गोव्यातल्या 'संगत' संस्थेनं तीच वाट धरली. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या या संस्थेनं 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम' नावाचा उपचार बांधला: सहा ते आठ भेटी, साधारण आठवड्याला एक, प्रत्येक भेट ३० ते ४० मिनिटांची, आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. उपचार देणारे समुपदेशक स्थानिक, मानसिक आरोग्याचं आधीचं कसलंही शिक्षण नसलेले. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या या रुग्णांपैकी, नेहमीच्या उपचाराला थोडी जोड दिलेल्या गटात तीन महिन्यांनी ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के. वर्षभरानंतर फरक थोडा कमी झाला, पण टिकला.

काकींच्या बाबतीत ही कृती कशी दिसेल? 'उद्यापासून बाजारात जा' हा सल्ला झाला, शिवाय तो फसणारा. आठवड्याची आखणी काकींना काय मोलाचं वाटतं तिथून सुरू होते. समजा, त्यांना शेजारणीबरोबर सोडे निवडत बसणं आवडायचं. मग मंगळवारी आणि शुक्रवारी अर्धा तास तेवढंच. जमलं तर भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेला खूण. पुढच्या आठवड्यात बाजारात एक चक्कर, टोपलीशिवाय. कोळीवाड्यात दिवस घड्याळापेक्षा भरती-ओहोटीनं चालतो. उधाणाचे दिवस वेगळे, भांगाचे वेगळे, आणि बंदीच्या दोन महिन्यांत पुरुष घरी असतात तेव्हा बायकांचं वेळापत्रक आणखी निराळं. शहरी नमुन्याचा 'सोमवार ते रविवार, सकाळ-दुपार-संध्याकाळ' असा छापील तक्ता इथं उपयोगाचा नाही. काम केल्यावर मनाला कसं वाटलं ते दहापैकी आकड्यात विचारायचं. मन लागलं म्हणून काम करायचं, हा आपला सगळ्यांचा नेहमीचा क्रम. इथं तो मुद्दाम उलटा केलेला असतो. आधी थोडं काम, मन मागून येतं. येतंच असं नाही, आणि पहिल्या आठवड्यात तर बहुधा येत नाही, हेही काकींना आधीच सांगून ठेवावं लागतं.

वर्गात हे सगळं भाषणानं शिकवता येत नाही. संगतच्या समुपदेशकांचं वर्गातलं शिक्षण सुमारे तीन आठवड्यांचं होतं आणि त्यात भूमिका करून पाहण्यावर भर होता: एकानं रुग्ण व्हायचं, दुसऱ्यानं समुपदेशक, तिसऱ्यानं बघायचं. मग काही महिने खऱ्या रुग्णांबरोबर, देखरेखीखाली. भूमिका करताना प्रौढ माणसं लाजतात, हसतात, रुग्णाच्या जागी बसल्यावर एकदम गंभीर होतात. सल्ला ऐकून घेताना कसं वाटतं ते कळायला त्या खुर्चीत बसावंच लागतं.

प्राथमिक शिक्षणात आणखी दोन गोष्टींना सूट नाही. एक म्हणजे गुप्तता. नियम म्हणून ती एका वाक्यात सांगून होते, पण कोळीवाड्यात भिंतीला भिंत लागून घरं आणि ओटीवर बसलेली सासू. बोलायचं कुठं? आरोग्य केंद्राची मागची खोली, जेट्टीकडची फेरी, दुपारी घर रिकामं असतं ती वेळ, ही जागा शोधण्याचं काम आधी करावं लागतं. कार्यकर्ती त्याच गावची असेल तर पेच दुहेरी: ती ओळखीची म्हणून दार उघडतं आणि ती नात्यातली म्हणून तोंड मिटतं. अशा वेळी रुग्ण दुसऱ्या कार्यकर्तीकडं सोपवायची मुभा पहिल्या दिवसापासून हवी.

दुसरी गोष्ट आत्महत्येचा प्रश्न. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी अशा कामात सर्वत्र वापरतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, गुण शून्य ते २७. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. नवखी कार्यकर्ती बाकीचे आठ नीट विचारते आणि नवव्याला आवाज खाली नेते किंवा 'तसलं काही नाही ना मनात?' असं विचारते, ज्याचं उत्तर 'नाही' येणार हे ठरलेलंच. विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे; सरळ विचारल्यानं बहुतेकांना हायसं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर पुढं काय, हे पाठ असायला हवं: एकटं सोडायचं नाही, घरातल्या विश्वासाच्या माणसाला रुग्णाच्या संमतीनं सांगायचं, जीव धोक्यात असेल तर संमतीसाठी न थांबता, आणि त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत पोचवायचं. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली सरकारी 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची सेवा चोवीस तास असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायला सांगितलं आहे. पोलिसांच्या भीतीनं गोष्ट दडवणाऱ्या घरांना हे माहीत नसतं.

आणि कुठं थांबायचं तेही शिकवावं लागतं. भास होणं, विचित्र संशय, उन्मादाचे झटके, दारू सुटताना होणारी थरथर आणि भ्रम ही डॉक्टरांची कामं. थकवा आणि उदासी थायरॉइडची किंवा रक्त कमी असल्याचीही असू शकते. दोन-तीन आठवड्यांच्या वर्गानं कुणी थेरपिस्ट होत नाही, आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावून फी घेणाऱ्यांचं पीक सध्या कमी नाही.

महाराष्ट्रात हे करून पाहिलेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पानं गावातले आरोग्यसेवक आणि समुपदेशक तयार केले. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक उपचारापर्यंत पोचत होते. १८ महिन्यांनी २७.२ टक्के. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी वेगळी गावं नव्हती, त्यामुळं सगळं श्रेय प्रकल्पाला देता येत नाही, पण लोक दारापर्यंत आले एवढं नक्की. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य केंद्रानं 'आत्मीयता' उपक्रमात गावातलेच स्वयंसेवक घडवले. साताऱ्यात डॉ. हमीद दाभोलकर आणि 'परिवर्तन' संस्था 'मानसमित्र' तयार करतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या दर शंभर रुग्णांमागे ८० हून अधिक जण उपचाराविना होते. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडं चित्र फार निराळं असेल असं मानायला मला आधार दिसत नाही.

यश मिळालेल्या प्रकल्पांत समान काय होतं ते पाहिलं तर वर्गाची लांबी नव्हे. पाकिस्तानात रावळपिंडीजवळ अतिफ रहमान यांनी 'लेडी हेल्थ वर्कर' बायकांना सीबीटीवर आधारलेला उपचार बाळंतपणाच्या आगेमागे नैराश्य आलेल्या आयांसाठी शिकवला. सुरुवातीचं प्रशिक्षण अवघं दोन दिवसांचं. २००८ साली आलेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी उपचार मिळालेल्या आयांपैकी २३ टक्क्यांत नैराश्य उरलं होतं, इतरांत ५३ टक्क्यांत. दोन दिवसांत हे साधलं कसं? दर महिन्याला अर्ध्या दिवसाची देखरेखीची बैठक होती. गोव्यात ही शिस्त आणखी कडक. रुग्णाच्या संमतीनं भेटींचं ध्वनिमुद्रण व्हायचं आणि समुपदेशक गटानं बसून ते ऐकत, ठरलेल्या तक्त्यावर एकमेकांना गुण देत: ऐकून घेतलं का, गेल्या आठवड्याचा घरचा अभ्यास विचारला का, आखणी कुणी केली, रुग्णानं की समुपदेशकानं. आधी तज्ज्ञ बैठक चालवत, पुढं समुपदेशक आपली आपण चालवू लागले, आणि त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. आपला आवाज मुद्रणात ऐकताना 'हिंमत धरा काकी' हे वाक्य किती वेळा आलं ते मोजणं क्लेशदायक असतं. सल्ल्याची सवय त्यानंच सुटते.

आपल्याकडं नेमकं हेच गाळलं जातं. दोन दिवसांची कार्यशाळा, बॅनर, गटाचा फोटो, प्रमाणपत्र. नंतर कुणी विचारत नाही. दिवाळ्यासारख्या गावात महापालिकेच्या आरोग्य केंद्राच्या आशाताईंना हे शिकवायचं ठरलं तर हिशोब साधा आहे. एका ताईकडं एका वेळी पाच रुग्ण, प्रत्येकाची आठवड्याला एक भेट, म्हणजे सुमारे अडीच ते सव्वातीन तास. जाणं-येणं, नोंदी धरून पाच. वर मुद्रणं ऐकायच्या बैठकीचे दोन. लसीकरण, गरोदर बायकांच्या नोंदी, क्षयाचं सर्वेक्षण सांभाळून मोबदल्यावर राबणाऱ्या बाईच्या आठवड्यात हे सात तास आपोआप निर्माण होत नाहीत. पाच तासांचे पैसे 'भेटी'च्या खात्यावर कदाचित मंजूर होतील. बैठकीच्या दोन तासांना कुठल्याच अंदाजपत्रकात रकाना नसतो, आणि तो रकाना आखला जाईपर्यंत वर्ग भरवू नये, असं माझं मत आहे.